काशीरामनानांचा इंग्लंड दौरा

"मना लंडनात उतरवा नि तुमी पुडं जावा," काशीराम म्हणाला. "सांच्याला परत येताना उचला. मी रस्त्यावरच उबा असन."

पनवेलच्या त्या टूर कंपनीच्या गार ऑफिसात बसून हेतल बरीच वर्षं लोकांना युरोप विकत होती. तिकडे भाकरी मिळेल का, बर्फावर वहाण चालेल का, असले प्रश्न तिला रोजचेच. पण मधेच उतरणारं गिऱ्हाईक तिच्या नशिबी पहिल्यांदाच आलं होतं.

"अंकल, ही एसटी नाहीये. ग्रुप टूर आहे. सगळे एकत्र चढणार, एकत्र उतरणार."

"अवो, मी काय सांगते तुमाला," शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली भामा म्हणाली. भामा म्हणजे काशीरामची बायको आणि घरातली परदेश पाहिलेली एकमेव व्यक्ती. लेक दिपिका मस्कतला बाळंत झाली तेव्हा भामा तिकडे राहून आली होती. तेव्हापासून विमान या विषयावर तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. "इमानात एकदा पट्टा लावला का सुट्टी नाय. मुतायला बी लाइन लागते."

"लंडनमध्ये काय काय आहे बघा ना," हेतलने रंगीत कागद पुढे सरकवला. "राजवाडा आहे, मोठ्ठं चाक आहे, मेणाचे पुतळे आहेत. घोडे म्हणत होतात ना? ते पण आहेत! दोन सोल्जर घोड्यावर बसलेले असतात. अजिबात हलत नाहीत. फोटो एकदम भारी येतो."

"हलत नाय?" काशीरामचा चेहरा पडला. "न हलनारं तं मी जलमभर बगत आलोय."

यात खोटं काहीच नव्हतं. काशीराम कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर कामाला होता. ट्रक यायचा, लोखंडी पाटावर चढायचा, काशीराम केबिनच्या खिडकीतून ओरडायचा, "इंजन बंद! हलू नको!" आणि लाल आकडा ठरला की पावती फाडायचा. सळ्या, पत्रे, गर्डर, भंगार. देशातलं निम्मं लोखंड त्याच्या समोर निमूट उभं राहून गेलं होतं. तो झोपेतही "हलू नको" म्हणून ओरडतो आणि आपण रात्रभर कूससुद्धा बदलत नाही, असं भामा शेजारणींना सांगायची. त्यात थोडं मीठमसाला असेल, पण थोडंच.

अशा माणसाला घोड्यांचं वेड लागलं, तेही याच काट्यावर.

पावसाळा आला की मुंबईचे शर्यतीचे घोडे पुण्याला जातात. पावसाळा संपला की परत येतात. मोठ्या बंद गाड्यांतून, मागे गवत, पुढे घोडा, अशी त्यांची वरात कळंबोलीवरूनच एक्सप्रेसवेला लागते. एका वर्षी त्यातली एक गाडी नेमकी काशीरामच्या काट्यासमोर बंद पडली. गाडीतला मोतद्दार शिवा याने आतली तपकिरी घोडी खाली उतरवली, आजूबाजूला पाहिलं, आणि त्यातल्या त्यात सज्जन चेहऱ्याच्या माणसाच्या हातात दोरी दिली. "मामा, जरा धरा. मी शेठला फोन लावतो."

वरून पाऊस. शेड काय ती काट्यावरच. काशीरामने घोडीला काट्यावर नेऊन उभं केलं. केबिनच्या काचेत लाल आकडे पेटले. घोडीने एक पाय उचलला, आकडा बदलला. मान झटकली, पुन्हा बदलला. "हलू नको," काशीराम सवयीने म्हणाला. घोडीने मान वळवून त्याच्या कानात गरम श्वास सोडला. आकडा काही शेवटपर्यंत ठरला नाही. त्या काट्यावर येऊन वजन न देता गेलेली ती एकटीच.

शिवा परत आला तेव्हा काशीराम तसाच उभा होता, डोळे मिटून.

"हिचा बाप इंग्लंडचा आहे, मामा," शिवा दोरी घेत म्हणाला. "न्यूमार्केटचा. तिकडं सगळं गावच घोड्यांचं. आमचे साहेब जाऊन आलेत. सकाळी शेकड्यानं घोडे गावातनं चालत टेकडीवर पळायला जातात. त्यांना रस्ता ओलांडायचा असला तर गाड्या थांबतात."

"कोन थांबवतो? पोलिस?"

"कुणी नाही. आपल्या आपण थांबतात."

काशीरामने कळंबोलीच्या चौकाकडे पाहिलं. तिथे एक कंटेनर, दोन ट्रेलर आणि एक नवरदेवाची गाडी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी होती आणि चारही जण हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हते.

त्या संध्याकाळी त्याने ही गोष्ट भामाला सांगितली. तिने आधी त्याचं तोंड हुंगलं.

त्यानंतर कित्येक पावसाळे गेले. काशीराम फोनवर शर्यती बघायचा. इथल्या, तिथल्या, दुनियेभरच्या. एक रुपया कधी लावला नाही, पण त्याच्या ओवे गावात ते पटणार कुणाला? काशीनाना घोड्यांवर बसला, आता घर विकणार, अशी हळहळ गाव नियमितपणे व्यक्त करायचं, आणि घर विकलं जात नाही म्हणून जरासं नाराजही व्हायचं. घोड्यांच्या गाड्या जायच्या दिवसांत काशीराम एक्सप्रेसवेच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. गाडीच्या जाळीतून कधी एखादं नाक दिसायचं, कधी कान. दिपिका बाळंत झाली तेव्हाही नेमके तेच दिवस होते. "नातवाचं तोंड बगाला नाय आला, घोड्यांचं बूड बगत बसला," हे भामाचं वाक्य घरात कुठल्याही भांडणात शेवटी यायचंच.

आणि आता, पुढच्या वर्षी काटा सोडायचा होता, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि काशीरामला एकच गोष्ट हवी होती. न्यूमार्केटच्या त्या टेकडीवर एका सकाळी उभं राहायचं. बाकी काही नाही.

"युरोप फिरून शेवटी लंडन, आणि तिथला शेवटचा दिवस फ्री आहे अंकल," हेतल कागदावर बोट फिरवत म्हणाली. "फ्री फॉर शॉपिंग. त्या दिवशी तुम्ही कुठे पण जा. रात्री हॉटेलवर या म्हणजे झालं."

"तो येक दिवस माजा," काशीराम म्हणाला. "बाकीचं दिवस तुमी मना कुठंबी फिरवा. मेनाच्या पुतल्यांत उबा करा, मी हलनार नाय."

भामाचा पासपोर्ट होताच. काशीरामने अर्ज केला. आता पोलिसांची चौकशी तेवढी व्हायची होती. कधी नव्हे ती सगळी गाडी सुरळीत चालली होती, आणि म्हणूनच पुतण्या रूपेशला काहीतरी करावंसं वाटलं.

रूपेश मनाने सोन्यासारखा. गावात कुणाचं काही बरं झालं की त्याच्या पोटात फ्लेक्स उठायचा. दहावी पास, वाढदिवस, नवी गाडी, नगरसेवकाच्या कुत्र्याची तब्येत सुधारली, लाव फ्लेक्स. सख्खा काका इंग्लंडला चाललाय आणि कमानीवर साधा एक फ्लेक्स नाही, म्हणजे पुतण्याने तोंड दाखवायचं कुठे?

सकाळी काशीराम कामावर निघाला तर गावच्या कमानीखाली गर्दी. वर बघतो तो स्वतःच. एक पांढराशुभ्र घोडा चारही पाय हवेत टाकून उधळलेला, त्यावर कुठल्याशा गोऱ्या जॉकीचं धड, आणि त्या धडावर काशीरामचं डोकं. डोक्यावर गॉगल. गॉगल काशीरामने आयुष्यात घातला नव्हता. खाली अक्षरं: "आता थांबणे नाही! ओव्याचा ढाण्या वाघ मा. काशीरामनाना यांच्या दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा." त्याखाली शुभेच्छुकांचे इतके फोटो, की 'इंग्लंड' हा शब्द लिहायला जागाच उरली नव्हती.

"कसा वाटला, नाना?" रूपेशच्या डोळ्यांत पाणी होतं.

काशीरामने मान वर करून पुन्हा एकदा नीट पाहिलं. "घोडा चांगला हाय," तो शेवटी म्हणाला.

गावाला मात्र त्यातून वेगळंच कळलं. पालिकेच्या निवडणुका लागल्या होत्या. घोडा, दौरा, ढाण्या वाघ, थांबणे नाही. याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. काशीनाना अपक्ष उभा राहतोय आणि त्याची निशाणी घोडा आहे! दुपारपर्यंत दोन महिला मंडळं पाण्याची तक्रार घेऊन भामाकडे येऊन गेली. भामाने त्यांना चहा पाजला आणि स्वतःच्या नळाची तक्रारही त्यात घातली.

संध्याकाळी बळीराम आला. बळीराम म्हणजे वॉर्डातला मातब्बर उमेदवार. गळ्यात साखळी, मागे चार माणसं. तो कधी काशीरामच्या पायरीवर चढला नव्हता. आज वहाणा काढून आत आला.

"नाना, उबं रावाचं व्हतं तं येक शब्द टाकायचा. आपुन घरचीच मानसं."

"मी कुठं उबा रातोय? मी इंग्लंडला चाललोय."

बळीराम मागच्या माणसांकडे बघून हसला. "समजलं. म्हंजे वरनं हात हाय."

"वरनं कोन? इमान जातं वरनं."

"किती वरनं?"

"न्यूमार्केटला घोडे बगायचे हायेत, बळीराम. टेकडीवर उबा रावाचं, घोडे पलताना बगायचे, परत यावाचं."

बळीरामने गळ्यातली साखळी चाचपली. राजकारणात त्याने पुष्कळ थापा ऐकल्या होत्या, पण इतकी तयारीची थाप कुणी मारली नव्हती. "टेकडीवर," तो पुटपुटला. "येवडं खोल राजकारन नाना तुमी कवा शिकलाव?" आणि तो घाईघाईने उठला.

दुसऱ्या दिवशी तक्रार गेली. आचारसंहितेच्या काळात विनापरवाना फलक. कुणी केली ते कळलं नाही. फ्लेक्स उतरवायला माणसं आली, आणि गुन्हा नोंदवायला हवालदार घरी आला. भला माणूस होता. चहा घेतला, टोपी मांडीवर ठेवली.

"सायब, मी नाय लावला," काशीराम म्हणाला.

"ते बरोबर आहे, नाना. पण नाव तुमचं, फोटो तुमचा, दौरा तुमचा. मग गुन्हा दुसऱ्याचा कसा म्हणायचा?"

"डोकं तेवडं माजं हाय. धड नाय."

हवालदाराने फ्लेक्सचा फोटो नीट निरखला. "धडाचा पत्ता नाही ना आपल्याकडे," तो दिलगिरीने म्हणाला.

आठवड्याने पासपोर्टच्या चौकशीला जो आला, तोही हाच हवालदार. या वेळी त्याने चहा नको म्हटलं. तेव्हाच काशीरामला कळलं, पासपोर्ट अडकला.

केस कोर्टात उभी राहणार होती. मिटली असती, दंड भरून सुटला असता. पण तारीख पडली होती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची, आणि टूर होती सुट्टीत. कोर्टाची परवानगी आणायला वकील केला. वकिलाने अर्ज केला. अर्ज कुठेतरी निमूट उभा राहिला.

रूपेश तीन दिवस घराकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला आणि दारातच काशीरामच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. "नाना, मी मेलो का नाय. मी काय करू? तुमी सांगा. माफीचा फ्लेक्स लावू?"

"नको रं बाबा," काशीराम त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "तू जेवून जा."

हेतलने फोनवर पुन्हापुन्हा सॉरी म्हटलं. दोघांचे पैसे आता परत मिळणार नव्हते, आंटीला तरी पाठवा, म्हणाली.

"मी नाय जात," भामा म्हणाली. ती चुलीशी नव्हती, गॅसशी होती, पण पाठ मात्र तशीच करून उभी होती. "मना काय करावाचेत घोडे? मना त्यांची भीती वाटते."

"लांबून बगायचे."

"तुमच्याबिगर मी तितं काय करू?"

"मस्कतला गेलीस तवा मी व्हतो क?"

यावर नेहमीचं वाक्य यायला हवं होतं. आलं नाही. भामाने गॅस बारीक केला. बारीक करूनही भाकरी करपली.

मग काशीराम तिला शिकवायला बसला. रोज जेवण झालं की तो फोनवर त्या गावाचा नकाशा काढायचा. हा रस्ता, हा घड्याळाचा मनोरा, इथून घोडे येतात, ही वॉरन हिल नावाची टेकडी. घोडे चढावर पळतात, तू वरच्या बाजूला उभी राहा. छत्री उघडू नको, घोडा बुजतो. ओरडू नको. त्या वाटांवरून तो इतक्या वेळा फोनवर फिरला होता, की कुठल्या कोपऱ्यावर कुठलं झाड आहे हेही सांगायचा.

"इतकं ठाव हाय तं जावाचं कशाला?" भामा एकदा म्हणाली. म्हणाली आणि जीभ चावली.

काशीराम नकाशा लहानमोठा करत राहिला. "वास नाय येत यात," तो म्हणाला.

मे महिन्यात भामा गेली. विमानतळावर तिने नवऱ्याला सतरा सूचना दिल्या, लोणच्याची बरणी कुठे ते सांगितलं, आणि काचेच्या पलीकडे गेल्यावर मागे वळून पाहिलं नाही. रूपेश गाडीत बसून होता. त्याने मोबाइलमध्ये फ्लेक्सचं एक डिझाइन उघडलं होतं, ते काशीराम येताना दिसल्यावर पुसून टाकलं.

पुढचे दिवस रोज फोटो आले. भामा चॉकलेटच्या दुकानात. भामा बर्फात, स्वेटरवर नऊवारी नेसून, शेजारी थंडीने काळानिळा पडलेला टूर मॅनेजर. मग लंडन आलं, भामा मोठ्ठ्या चाकासमोर. काशीराम प्रत्येक फोटोला अंगठा पाठवायचा.

शेवटच्या दिवशी शॉपिंग होतं. न्यूमार्केटला एकटीने जायचं कसं, हा प्रश्न भामाने परस्पर सोडवला. टूरमधल्या तीन नागपूरकर बायकांना तिने सांगितलं, की तिकडे राजघराण्यातले घोडे असतात, आणि नशीब असेल तर मालकही. तिघींनी शॉपिंग सोडलं आणि उजाडायच्या आत चौघींची टॅक्सी निघाली.

काशीरामकडे तेव्हा कळंबोलीचं ऊन डोक्यावर येत होतं. फोन वाजला तसा तो केबिनच्या मागे गेला, भिंतीच्या अर्धवट सावलीत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

पडद्यावर भामा आली. डोक्याला मफलर, नाक लाल, तोंडातून वाफ.

"आवाज येतो क?"

"येतो. कुठं हाय तू?"

"टेकडीवर! तुमी सांगितली तितंच. थंडी इतकी हाय, माजं दात वाजतात. त्या नागपूरवाल्या खालीच बसल्या, राजाची वाट बगतात. थांबा, थांबा, आता तुमाना दाखवते." तिने फोन उंच धरला. पडद्यावर तिची हनुवटी आली, मग राखाडी आभाळाचा तुकडा, मग पुन्हा ती. "आले! अवो, आले बगा!"

फोन तिने स्वतःकडेच तोंड करून धरला होता; पडद्यावर घोडा एकही नव्हता, तीच होती. काशीराम सांगणार होता. "भामा, फोन फिर..." इथपर्यंत शब्द आले.

तेवढ्यात टापांचा आवाज आला. आधी लांबून, कुणी ओल्या मातीवर मुठी आपटतंय तसा. मग जवळ. आणि भामा बोलायची थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी वाक्याच्या मधे थांबलेली काशीरामने पाहिली नव्हती. तिचं तोंड उघडंच राहिलं. मफलर सुटून खांद्यावर आला, तो तिने सावरला नाही. आवाज मोठा झाला, अगदी तिच्या बाजूने गेला असावा, कारण तिच्या कपाळावरचे केस उडाले आणि तिने श्वास आत ओढला.

"दिसतात क तुमाना?" तिने विचारलं. पडद्याकडे न बघता. आवाज दबका, देवळातल्यासारखा.

काशीरामने फोन थोडा जवळ धरला.

"दिसतात," तो म्हणाला.

"किती मोटे हायेत वो."

"व्हय."

"आनखी येतात. तुमी बगा हां. फोन ठेवू नका."

"नाय ठेवत."

पुन्हा टापा ऐकू आल्या. काशीराम बघत राहिला. भामाचे डोळे डावीकडून निघाले, हळूहळू उजवीकडे गेले, तिथे जरा वेळ लांबवर कुठेतरी राहिले, आणि मग पुढचे घोडे घ्यायला परत डावीकडे आले.